जीन क्रुपाचा शुभ्र सरंजाम

शिकागोत १९०९ साली जन्मलेला ड्रमवादक जीन क्रुपा १९३४ च्या अखेरीस बेनी गुडमनच्या वाद्यवृंदात रुजू झाला, तेव्हा नृत्यवृंदांतील टॉमटॉम, म्हणजे ड्रमसंचातील घुमणारे ढोल, बहुधा चिनी घडणीचे असत, आणि त्यांचे कातडे खिळ्यांनी कायमचे ठोकलेले असल्यामुळे त्यांचा स्वर वादकाच्या स्वाधीन नसे. ही उणीव क्रुपाला असह्य वाटली. त्याच्या आग्रहावरून स्लिंगरलँड या ड्रम घडवणाऱ्या कंपनीने दोन्ही मुखांची कातडी स्क्रूंनी ताणता येतील असे टॉमटॉम सिद्ध केले, हे त्याचे उपकार, माझ्या मते, त्याच्या वादनकीर्तीहूनही चिरस्थायी होत.

याच कंपनीच्या त्याच्या 'रेडिओ किंग' ड्रमसंचाचा जामानिमा मात्र प्रेक्षकांच्या डोळ्यांसाठी होता: लाकडी खोडांवर मोत्याच्या शिंपल्यासारखी झाक असलेल्या शुभ्र सेल्युलॉइडचे वेष्टन, आणि मोठ्या ड्रमच्या दर्शनी कातड्यावर ढालीच्या आकृतीत त्याची आद्याक्षरे. १६ जानेवारी १९३८ रोजी कार्नेगी हॉलमधील गुडमनच्या मैफलीत 'सिंग, सिंग, सिंग' या रचनेचा आरंभ झाला तो याच टॉमटॉमांच्या गंभीर घोषाने. या संचातील स्नेअर ड्रमची घडण तर विशेष प्रेक्षणीय: मेपलची एकच अखंड फळी वाफेने मऊ करून वर्तुळाकार वाकवावयाची, टोके सांधावयाची, आणि तिचा घेर ढळू नये म्हणून दोन्ही कडांशी आतून लाकडी कडी बसवावयाची.