उपासनेंत पाहुण्याची जागा

परक्या उपासनामंदिरांत प्रथमच पाऊल टाकणाऱ्यास 'बसूं कोठें?' हा प्रश्न आधीं पडतो. सतराशें वर्षांपूर्वीं सिरियांतील ख्रिस्ती मंडळींस तो चांगला ठाऊक होता. त्यांचीं मंदिरें म्हणजे पुष्कळदां राहतीं घरेंच. युफ्रेटीस नदीकांठीं दुरा-युरोपस येथें १९३२ सालीं असें एक घर उत्खननांत सांपडलें. दोन खोल्यांमधली भिंत पाडून सभेपुरतें दालन केलेलें. साठसत्तर माणसें आलीं कीं तें भरे.

तिसऱ्या शतकांत सिरियांतच रचलेल्या 'डिडास्कालिया' नामक ग्रंथांत जागेविषयीं नियम आहेत. एका डीकनानें, म्हणजे सेवकानें, दाराशीं उभें राहावें. परगांवचें कोणी आल्यास विचारपूस करून योग्य जागीं बसवावें. एवढी व्यवस्था कोणतीहि सभा करील! पुढचा नियम मात्र विलक्षण आहे. प्रवचन चालूं असतां कोणी प्रतिष्ठित गृहस्थ आला, तर बिशपानें बोलणें थांबवूं नये. मंडळींपैकीं कोणी उठून त्यास जागा द्यावी. परंतु गरीब मनुष्य आला, विशेषतः वृद्ध, आणि जागा उरली नसली, तर बिशपानें स्वतः त्याची सोय करावी. मग आपणांस जमिनीवर बसावें लागलें तरी बेहत्तर. शाळेच्या समारंभांत आम्ही मास्तरमंडळी नेमकें उलट करीत असूं: साहेबांस खुर्ची, पालकांस सतरंजी.

ख्रिस्ती मंडळींतहि हा दंडक सर्वत्र टिकला नाहीं. इंग्लंडांत पुढें देवळांतील बांकें भाड्यानें देण्याची चाल पडली. १८१८ सालीं पार्लमेंटानें नव्या देवळांसाठीं दहा लक्ष पौंड मंजूर केले, तेव्हां गरिबांकरितां कांहीं जागा विनाभाडें राखाव्या, असें कायद्यांतच लिहावें लागलें.