इंदूरची चावी

परगावाहून इंदुरात उतरलेला माणूस रिक्षावाल्याला नुसते ‘सरवटे’ म्हणतो आणि रिक्षा बसस्थानकाकडे वळते. हे सरवटे कोण, असा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. विनायक सीताराम तथा तात्या सरवटे हे मराठीतले व्यासंगी लेखक आणि मध्यभारतातर्फे संविधान सभेत बसलेले सदस्य. ज्या सभेने या देशातल्या प्रत्येक प्रौढ स्त्रीपुरुषाला एक मत दिले, तिच्यात इंदूरचा एक मराठी माणूस होता, ही गोष्ट आपण आता बसच्या वेळापत्रकाखाली झाकून टाकली आहे. त्या एका मतामुळे होळकरी इंदुरातल्या मराठी समाजाचे स्थान मुळापासून बदलले. दरबारात आणि कचेरीत ज्या भाषेला मान होता तिचे बोलणारे मतदार याद्यांत मात्र थोडे निघाले. राज्य गेले त्यापेक्षा ही मोजदाद अधिक निर्णायक होती.

आपल्या बैठकांत इंदूर लोकसभा मतदारसंघाचा विषय निघाला की तो सुमित्राताई महाजनांपाशी सुरू होतो आणि तिथेच संपतो. ‘आपली ताई आठ वेळा निवडून आली’ या वाक्यात ‘आपली’ या शब्दावर जो भार पडतो तो मला नेहमी थोडा खटकतो. ताई आपल्या आहेत यात वाद नाही. पण त्या आपल्यामुळे निवडून आल्या काय, हा प्रश्न वेगळा आहे. त्याचे उत्तर शोधायचे तर 1989च्या मागे जावे लागते.

पहिल्या दोन निवडणुकांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. 1952 मध्ये नंदलाल जोशी आणि 1957 मध्ये कन्हैयालाल खादीवाला, दोघेही काँग्रेसचे. देशभर जे घडत होते तेच येथे घडले. इंदूरने आपला स्वभाव दाखवला तो 1962 मध्ये. त्या वर्षी काँग्रेसचे उमेदवार होते रामसिंहभाई वर्मा. इंटकचे मोठे पुढारी, गिरणी कामगारांत त्यांचा शब्द चाले. त्यांच्यासमोर अपक्ष म्हणून उभे होते कम्युनिस्ट पक्षाचे होमी दाजी. मुंबईत 1926 साली जन्मलेला, इंदुरात वाढलेला, कायदा शिकलेला हा पारशी तरुण 1957 मध्ये विधानसभेत जाऊन आला होता. पंडित नेहरूंच्या काँग्रेसचा देशभर दबदबा असताना इंदूरने दाजींना लोकसभेत पाठवले.

येथे जरा थांबले पाहिजे. इंदुरात पारशी घरे किती? बोटांवर मोजावीत इतकी. जातीचा, भाषेचा, धर्माचा कोणताही हिशेब दाजींच्या बाजूने मांडता येत नाही. मग मते आली कुठून? ती आली गिरण्यांतून. तुकोजीराव होळकर दुसरे यांच्या काळात या शहरात राज्याची कापड गिरणी निघाली आणि पुढे मालवा, हुकूमचंद, राजकुमार, कल्याणमल, स्वदेशी, भंडारी अशी रांगच लागली. पाळी सुटली की फाटकावर सभा भरे. माळव्यातला खेडूत, उत्तरेकडून आलेला भैया आणि खानदेशातून आलेला मराठी विणकर या सभेत शेजारी शेजारी उभे राहत. निवडणुकीच्या भाषेत सांगायचे तर मतदार आणि उमेदवार यांच्यामध्ये एक जागा होती. तिथे माणूस आधी कामगार म्हणून मोजला जाई आणि मग बाकीचे काही म्हणून. आणि 1962चा सामना खरे तर याच जागेतला होता, कारण इंटक आणि लाल बावटा दोघेही त्याच फाटकावर उभे होते. काँग्रेसचा सारा भर कामगारांच्या पुढाऱ्यावर होता आणि त्याला हरवणाराही कामगारांचाच पुढारी निघाला.

या काळात मराठी माणसे राजकारणात नव्हती असे नाही. व्यं. वि. द्रविड हे इंटकचे जुने नेते. मध्यभारतात आणि नंतर मध्यप्रदेशात त्यांनी श्रममंत्रिपद सांभाळले. दुसऱ्या बाजूला जनसंघाची बांधणी करणाऱ्यांत धारचे कुशाभाऊ ठाकरे होते, इंदुरात राजेंद्र धारकर होते. पण द्रविडांच्या मागे संघटित कामगार होता आणि ठाकऱ्यांच्या मागे शाखा. मराठी म्हणून मत मागण्याची वेळ यांच्यापैकी कोणावर आली नाही, आणि आली असती तर ते मत पुरलेही नसते. शहाणपण म्हणा किंवा नाइलाज, मतपेटीच्या युगात इंदूरचा मराठी माणूस स्वतःच्या भाषेपेक्षा मोठ्या अशा कुठल्यातरी संस्थेच्या आधाराने उभा राहिला.

पुढची दोन दशके प्रकाशचंद्र सेठींची. उज्जैनच्या नगरपालिकेपासून सुरुवात केलेले हे गृहस्थ 1967 आणि 1971 मध्ये येथून निवडून आले, 1972 मध्ये मुख्यमंत्री होऊन भोपाळला गेले, आणि रिकाम्या झालेल्या जागेवर पोटनिवडणुकीत रामसिंहभाई आले. दहा वर्षांपूर्वी दाजींनी हिरावलेली खुर्ची त्यांना अशी उशिरा मिळाली. 1977च्या लाटेत समाजवादी कल्याण जैन जनता पक्षातर्फे विजयी झाले. 1980 आणि 1984 मध्ये पुन्हा सेठी. मधल्या काळात ते देशाचे गृहमंत्रीही झाले. सेठींचे वजन दिल्लीत होते, आणि दिल्लीतल्या वजनावर मतदारसंघ चालतो अशी समजूत त्या पिढीच्या काँग्रेसमध्ये पक्की झाली होती. फाटकावरच्या सभा ओसरत होत्या; इंटकचे पुढारी वयस्कर झाले होते. त्यांच्या जागी काय येणार, याचा विचार काँग्रेसने केल्याचे दिसत नाही.

जे आले ते गल्लीतून आले. चिपळूणच्या साठ्यांची मुलगी 1965च्या सुमारास लग्न होऊन इंदूरच्या महाजनांकडे आली. रामायणावर प्रवचने करू लागली, महिला मंडळांत रुळली, 1980च्या दशकाच्या आरंभी नगरसेविका झाली आणि मग उपमहापौर. 1985 मध्ये विधानसभेला उभी राहिली आणि काँग्रेसच्या महेश जोशींकडून हरली. या पराभवाचा उल्लेख ताईंच्या गौरवलेखांत क्वचितच आढळतो. मला तो महत्त्वाचा वाटतो. मराठी वस्त्या, मराठी मंडळे, मराठी शाळा तेव्हाही याच शहरात होत्या. त्या जर निवडून आणू शकत असत्या तर तेव्हाच आणत्या.

चारच वर्षांनी, 1989 मध्ये, भारतीय जनता पक्षाने त्यांना सेठींसमोर उभे केले. बोफोर्सचे वारे होते, अयोध्येचे होते. तरी माजी गृहमंत्र्यासमोर माजी उपमहापौर ही जोडी विषमच होती. त्या प्रचारात ताईंनी एक गोष्ट मांडली, तिची आठवण त्यांनी स्वतःही पुढे अनेकदा सांगितली आहे. मी या शहराची सून आहे, सेठीजी वडीलधारे आहेत, आता घराची चावी त्यांनी सुनेच्या हाती द्यावी. माझ्या मते इंदूरच्या निवडणूक इतिहासातले हे सर्वांत चतुर वाक्य आहे. त्यात सेठींचा अपमान नाही. त्यात पक्ष नाही, भाषा तर नाहीच. मराठी, मारवाडी, सिंधी, माळवी, कोणत्याही घरातल्या सासूला आणि सुनेला कंबरेच्या चावीचा अर्थ सांगावा लागत नव्हता. ‘मी मराठी’ असे म्हणणारी बाई परकी ठरली असती. ‘मी सून’ म्हणणारी बाई बाहेरून आलेली असूनही घरची ठरली. सेठी लाखाहून अधिक मतांनी पडले.

त्यानंतरची गणती आपल्याला पाठ आहे : 1991, 1996, 1998, 1999, 2004, 2009, 2014. एकाच मतदारसंघातून, एकाच पक्षातर्फे, सलग आठ वेळा. 1999 मध्ये त्यांनी ज्यांना हरवले ते महेश जोशीच होते. पण ही वाट सरळ चढाची नव्हती हे विसरू नये. 2009 मध्ये सत्यनारायण पटेलांविरुद्ध त्या केवळ 11,480 मतांनी वाचल्या. त्याच पटेलांना पाच वर्षांनी त्यांनी 4,66,901 मतांनी हरवले. मधल्या पाच वर्षांत इंदुरात मराठी माणसे काही वाढली नव्हती! बदलली होती ती देशाची हवा. पक्षात ‘ताई’ आणि ‘भाई’ असे दोन गट पडले होते आणि कैलास विजयवर्गीयांशी त्यांचे सूर जुळत नाहीत हे साऱ्या शहराला ठाऊक होते. म्हणजे स्वपक्षातही जागा राखावी लागत होती. 2014च्या जूनमध्ये त्या लोकसभेच्या अध्यक्ष झाल्या.

इतक्यात गिरण्यांचे काय झाले? हुकूमचंद मिल डिसेंबर 1991 मध्ये बंद पडली, आणि इतरांचेही भोंगे एकामागून एक थांबले. हुकूमचंदच्या कामगारांची 224 कोटींची देणी त्यांच्या वा त्यांच्या वारसांच्या हाती पडायला 2023चा डिसेंबर उजाडला, बत्तीस वर्षे. गुलझारीलाल नंदांच्या नावाने वसलेले नंदानगर आणि परदेशीपुरा, जिथे एकेकाळी इंटक आणि लाल बावटा एकमेकांशी झुंजत, तो परिसर ज्या इंदूर-2 विधानसभा क्षेत्रात येतो तेथून 2023 मध्ये भाजपचे रमेश मेंदोला एक लाखाहून अधिक मतांनी निवडून आले. कामगाराने विचार बदलला असे म्हणणे सोपे आहे. मला वाटते, फाटकच नाहीसे झाले, तेव्हा फाटकावर उभा राहणारा माणूस घराच्या ओट्यावर जाऊन बसला. आणि ओट्यावर त्याला भेटायला जो आला त्याचा तो झाला. शहर दक्षिणेला राऊपर्यंत पसरले. 2008च्या पुनर्रचनेत राऊ हे स्वतंत्र विधानसभा क्षेत्र झाले. सुदामानगर, लोकमान्यनगर यांसारख्या वसाहतींतला पांढरपेशा मतदार आता या मतदारसंघाचा कणा आहे. कापडाच्या शहराचा मतदारसंघ उपनगरांचा झाला.

अशा उपनगरी मतदारसंघाचे विलायतेतले प्रसिद्ध उदाहरण म्हणजे लंडनच्या उत्तरेचे फिंचली. मार्गारेट थॅचर 1959 पासून 1992 पर्यंत तेथून निवडून येत होत्या; आपल्या ताईंच्या तीस वर्षांशी ताडून पाहावे असे हे उदाहरण आहे. थॅचरबाई निवृत्त झाल्या, सीमा थोड्या बदलल्या, आणि 1997 मध्ये तीच जागा मजूर पक्षाकडे गेली. तिकडे आणखी एक रिवाज आहे : सभागृहाचा अध्यक्ष पुन्हा उभा राहिला तर मोठे पक्ष त्याच्याविरुद्ध सहसा उमेदवार देत नाहीत. आपल्याकडे तो रिवाज नाही. ताईंना तर विरोधकांशी लढण्याआधीच थांबावे लागले. 2019 मध्ये पक्ष इंदूरचा उमेदवार जाहीर करेना. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना उमेदवारी न देण्याचे धोरण सर्वांना दिसत होते. 5 एप्रिलला ताईंनी पत्र काढून आपण लढणार नाही असे कळवले आणि पक्षाला संकोचातून मोकळे केले. सेठींकडून मागून घेतलेली चावी त्यांनी अशी ठेवून दिली. ज्यांच्या हाती ती गेली ते शंकर लालवानी सिंधी समाजातले. 2019 मध्ये ते 5,47,754 मतांनी जिंकले. पारशी, जैन, मराठी, सिंधी, इंदूरने प्रतिनिधी निवडताना त्याच्या समाजाची डोकी कधी मोजलेली दिसत नाहीत. ताईंचे आठ विजय या परंपरेतले आहेत, आणि म्हणूनच ते मराठी समाजाच्या संख्येचे नव्हेत. या समाजातली एक स्त्री साऱ्या शहराला आपली वाटू शकली याचे ते आहेत. अभिमान बाळगायचाच तर या दुसऱ्या गोष्टीचा बाळगावा.

पण निवडायला समोर दोन माणसे लागतात. 29 एप्रिल 2024 रोजी, अर्ज मागे घेण्याच्या अखेरच्या दिवशी, काँग्रेसचे उमेदवार अक्षय कांती बम यांनी अर्ज मागे घेतला आणि ते भाजपमध्ये गेले. पंचवीस लाखांहून अधिक मतदारांच्या या मतदारसंघात, जिथे दाजी आणि रामसिंहभाई लढले, सेठी आणि ताई लढल्या, तिथे प्रमुख विरोधी पक्षाचे चिन्हच यंत्रावर उरले नाही. काँग्रेसने लोकांना ‘वरीलपैकी कोणीही नाही’, म्हणजे ‘नोटा’चे बटण दाबायला सांगितले. 13 मेच्या मतदानात लालवानींना 12,26,751 मते पडली. आघाडी 11,75,092 मतांची. दुसऱ्या क्रमांकाच्या बहुजन समाज पक्षाच्या उमेदवाराला 51,659. आणि ‘नोटा’ला 2,18,674. याआधीचा देशातला विक्रम 2019 मध्ये बिहारच्या गोपालगंजचा होता, 51,660 चा; म्हणजे इंदुरात दुसऱ्या आलेल्या उमेदवाराला त्या जुन्या विक्रमाहून एक मत कमीच पडले.

मतदानाआधी ताईंनी या माघारीबद्दल आश्चर्य आणि नापसंती जाहीरपणे बोलून दाखवली होती. शहरातल्या काही सुशिक्षित मंडळींनी आपल्याला दूरध्वनी करून ‘आम्ही आता नोटा दाबणार’ असे कळवल्याचेही त्यांनी सांगितले. आपला उमेदवार अजून मैदानात आहे, असे त्यांनी त्या लोकांना समजावले. फोन करणाऱ्यांनी हा निर्णय कळवायला पस्तीस वर्षांपूर्वी चावी मागणाऱ्या सुनेचाच नंबर फिरवला होता.