एका जाळावर किती काहिली

सोनारीच्या भैरवनाथाला लोक लांबून येतात आणि माकडांना फुटाणे टाकून जातात. गावाच्या उसाचं मात्र फारसं कुणी विचारत नाही.

परंडा तालुक्यात कारखाने नव्हते तेव्हा ऊस गुऱ्हाळात जायचा. गुऱ्हाळ एकाच्या मळ्यात, ऊस चार घरांचा, बैल वारंगुळ्यानं. चरकातून निघालेलं चिपाड आम्ही पोरं उन्हात पसरायचो. ओलं चुलाण्यात नुसतं धुमसतं. रस तापला की भेंडीच्या खोडाचं चिकट पाणी टाकायचं, मळी वर यायची, ती झाऱ्यानं काढायची. गुळव्या पाक पाण्यात टाकून बोटांनी गोळी वळून बघायचा. सरपण विकतचं नव्हतंच. उसाच्या चिपाडावरच ऊस शिजायचा.

पुढं मी बॉयलर अटेंडंट झालो. कारखान्यात त्याच चिपाडाला बगॅस म्हणतात. टनभर उसामागं पावणेतीनशे-तीनशे किलो निघतं, निम्मं पाणीच, तरी मोठ्या भट्टीत धडाडून जळतं. वाफ आधी टर्बाइन फिरवून वीज देते, मग उतरत्या दाबानं रस उकळायला जाते. पहिल्या भांड्यातल्या रसाची वाफ दुसऱ्याला तापवते, दुसऱ्याची तिसऱ्याला. शेवटच्या भांड्यात निर्वात असल्यानं रस साठेक अंशांवरच उकळतो. ही करामत न्यू ऑर्लिन्सच्या नॉर्बर्ट रिलियूची, पेटंट १८४३ चं. तोवर तिकडं गुलाम माणसं उकळता रस पळ्यांनी एका काहिलीतून दुसरीत ओतत. मी भांड्यांची काच पुसताना त्याला मनातल्या मनात रामराम घालायचो.

वाफ कुंपणाबाहेर नेण्याची कल्पनाही जुनीच. १८७७ मध्ये अमेरिकेतल्या लॉकपोर्टला बर्डसिल हॉलीनं एका बॉयलरची वाफ जमिनीखालच्या नळांनी घराघरांत पोचवली. तेलटंचाईनं पोळलेल्या डेन्मार्कनं १९७९ मध्ये कायदाच केला आणि उष्णतेचा आराखडा नगरपालिकांवर सोपवला.

आपल्याकडं नियोजन झालं ते उसाचं. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात २००६ मध्ये दोन कारखान्यांतलं किमान हवाई अंतर १५ किलोमीटर ठरलं. महाराष्ट्रानं ते २५ केलं. सहवीजनिर्मितीमुळं विजेला गिऱ्हाईक मिळालं. उरलेल्या उष्णतेला कुणी वाली नाही. कोमट पाणी फवाऱ्याच्या तळ्यात गार होऊन जातं.

आपल्याला घरं तापवायची गरज नाही, हे मान्य. पण शेजारच्या भूम तालुक्यात खव्याच्या भट्ट्या आहेत. लाकडाच्या जाळावर तासन्‌तास दूध आटवणाऱ्यांचे डोळे कसे होतात ते जाऊन बघा. कढईच्या दुहेरी बुडात कमी दाबाची वाफ सोडली तरी दूध आटतं. गाळप उन्हाळ्याआधी थांबतं, हा आक्षेपही खराच; मग हंगामापुरतं लाकूड वाचेल, तेवढं तरी वाचवा.

नव्या कारखान्याला परवाना देताना हवाई अंतर मोजता, तसा उरलेली उष्णता कुणाला देणार याचाही एक रकाना अर्जात घाला.