ग्रँड नॅशनल: 'फेव्हरिट' घोडा इतक्या वेळा का हरतो?

आजचा विषय घोड्यांचा आहे, पण सुरुवात करूया बीडच्या अविनाश साबळेपासून. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये रौप्यपदक जिंकलं, ती शर्यत तुम्ही मोबाइलवर पाहिली असेलच. पण धावण्याच्या शर्यतीत लाकडी अडथळे आणि पाण्याचा खड्डा आला कुठून? आणि 'स्टीपल' म्हणजे तर चर्चचा उंच मनोरा. त्याचा इथे काय संबंध?

हे सगळं घोड्यांकडून आलंय. १७५२ मध्ये आयर्लंडच्या कॉर्क परगण्यात एडमंड ब्लेक आणि कॉर्नेलियस ओ'कॅलाहन या दोघांनी पैज लावली. बटव्हंटच्या चर्चपासून डोनरेलच्या चर्चपर्यंत, साधारण साडेचार मैल, घोड्यावरून कोण आधी पोहोचतो ते बघायचं. आखलेला रस्ता नाही, ट्रॅक नाही. लांबून दिसणारा मनोरा हीच काय ती खूण. मध्ये कुंपण आलं, ओढा आला, दगडी बांध आला, तर घोड्याने उडी मारायची. मनोऱ्याचा पाठलाग म्हणून नाव पडलं स्टीपलचेस. नंतर माणसं तसंच पळायला लागली, आणि साबळेसमोरचा पाण्याचा खड्डा म्हणजे त्या जुन्या ओढ्याचीच आठवण.

या प्रकारातली जगातली सगळ्यात गाजलेली शर्यत म्हणजे इंग्लंडची ग्रँड नॅशनल. लिव्हरपूलजवळ एंट्रीच्या रेसकोर्सवर दर वर्षी वसंतात होते. सव्वाचार मैलांहून जास्त अंतर आणि तीस उड्या. एरवी वर्षभर रेसकडे न बघणारी ब्रिटिश माणसंही त्या दिवशी एखाद्या घोड्यावर दोन-चार पाउंड लावतात. त्याआधी आठवडाभर पेपर, रेडिओ, टीव्ही, सगळीकडे एकच चर्चा: यंदा कोण मारणार?

आज आपण या चर्चेचाच इतिहास बघणार आहोत. मोठमोठे जाणकार दावेदारांची यादी करतात, कारणं देतात, आणि तरी इतक्या वेळा तोंडावर का पडतात?

पहिलाच विजेता 'लॉटरी'

१८३९ ची शर्यत ही सहसा पहिली ग्रँड नॅशनल मानतात. जिंकलेल्या घोड्याचं नाव होतं लॉटरी! शर्यतीचं भविष्य कुणीतरी पहिल्याच दिवशी लिहून ठेवल्यासारखं वाटतं ना? त्याच शर्यतीत कॅप्टन मार्टिन बीचर नावाचा स्वार घोड्यावरून उडाला तो थेट ओढ्यात पडला. त्या अडथळ्याला आजही 'बीचर्स ब्रुक' म्हणतात.

पण खरी मेख बसली १८४३ मध्ये. त्या वर्षी ही शर्यत 'हँडिकॅप' झाली. म्हणजे काय, ते नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

समजा गल्ली क्रिकेटमध्ये एक पोरगा फारच भारी खेळतो. मग आपण काय करतो? त्याला सांगतो, तू डाव्या हाताने बॅटिंग कर. हँडिकॅप म्हणजे तेच. हँडिकॅपर नावाचा अधिकारी प्रत्येक घोड्याची आधीची कामगिरी तपासतो आणि जो घोडा जास्त चांगला, त्याच्या पाठीवर जास्त वजन देतो. जॉकी हलका असेल तर खोगिरात शिशाच्या पट्ट्या घालून वजन भरतात. कागदावर तरी सगळे घोडे एकाच वेळी पोहोचले पाहिजेत, हा त्याचा हेतू.

म्हणजे बघा, एकीकडे पेपरातले जाणकार सर्वांत चांगला घोडा शोधताहेत, आणि दुसरीकडे एक अधिकृत माणूस त्याच घोड्याचा चांगलेपणा वजनाने पुसून टाकतोय. अंदाज चुकण्याची सोय शर्यतीच्या रचनेतच आहे!

भाव काय सांगतो?

आता थोडं गणित, घाबरू नका. घोड्याचा भाव 'एकास आठ' असेल, तर शंभर रुपयांवर आठशे नफा, आणि आपले शंभर परत. याचा अर्थ बाजाराला वाटतं की हा घोडा नऊपैकी एकदा जिंकेल, म्हणजे जेमतेम ११ टक्के. ग्रँड नॅशनलमधला फेव्हरिट बऱ्याचदा याच भावाच्या आसपास असतो. म्हणून 'फेव्हरिट' या शब्दाचा अर्थ 'हाच जिंकणार' असा नाहीच. तो हरण्याचीच शक्यता जास्त असते, फक्त इतरांपेक्षा थोडी कमी. फेव्हरिट हरला की लोक म्हणतात, जाणकारांना काही कळत नाही. पण नऊपैकी आठ वेळा तो हरणार, हे भावातच लिहिलेलं असतं.

आणि या भावात बुकीचा वाटाही असतो. समजा सहा अगदी सारखे घोडे आहेत. खरा भाव हवा एकास पाच. बुकी देतो एकास चार. तुम्ही सहाही घोड्यांवर शंभर-शंभर लावले, खिशातून गेले सहाशे. कुठलाही घोडा जिंकू दे, हातात येणार पाचशे. उरलेले शंभर बुकीचे. त्याला कोण जिंकणार हे ओळखायची गरजच नाही.

दोन शर्यती नव्हे, दोन भूकंप

आता इतिहासातले दोन प्रसंग ऐका.

१९२८. मैदानात ४२ घोडे. त्यात टिपरेरी टिम नावाचा एक, भाव एकास शंभर. जॉकी बिल डटन, तोही हौशी. शर्यतीआधी त्याचा मित्र ओरडला होता म्हणे, की बाकीचे सगळे पडले तरच तू जिंकशील! झालं तेच. पहिल्या फेरीत ईस्टर हीरो नावाचा घोडा 'कॅनाल टर्न'च्या अडथळ्यावर अडकला आणि मागून येणाऱ्यांची एकच घसरगुंडी झाली. शेवटच्या अडथळ्यापाशी टिम आणि बिली बार्टन एवढेच शिल्लक. तिथे बिली बार्टनही पडला. जॉकी पुन्हा चढला आणि दुसरा आला. ४२ पैकी शर्यत पूर्ण केली फक्त दोघांनी.

दुसरा प्रसंग १९६७ चा. फॉइनेव्हन, भाव पुन्हा एकास शंभर. त्याचा ट्रेनर जॉन केम्पटन एंट्रीला आलाच नव्हता, तो त्या दिवशी वूस्टरच्या रेसकोर्सवर होता. बीचर्स ब्रुक दुसऱ्यांदा पार झाला आणि पुढचा, २३ वा अडथळा आला. हा या रेसकोर्सवरचा सगळ्यात बुटका, कुणी फारसा मोजत नव्हतं. पॉपहॅम डाउन नावाचा घोडा आधीच जॉकी पाडून मोकळाच पळत होता. तो या अडथळ्यासमोर अचानक आडवा वळला. मागचे थांबले, आदळले, पडले. दादरच्या जिन्यावर गर्दीच्या वेळी एक माणूस उलटा फिरला तर काय होईल, तसं!

फॉइनेव्हन इतका मागे होता की त्याचा जॉकी जॉन बकिंगहॅम याला समोरचा गोंधळ दिसला, बाजूला फट दिसली, आणि तो त्यातून पार झाला. फेव्हरिट हनी एंड पुन्हा वळून धावला, पण दुसराच आला. त्या बुटक्या अडथळ्याचं आजचं अधिकृत नाव आहे 'फॉइनेव्हन'.

गंमत काय, तर फॉइनेव्हन मागे होता म्हणून वाचला. हळू असणं हाच त्या दिवशी त्याचा फायदा ठरला. कुठल्या जाणकाराने हे आधी लिहिलं असतं?

मग सगळं नशीबच का?

नाही! हीच चूक करू नका. १९७३ बघा.

दोन संयुक्त फेव्हरिट होते, भाव एकास नऊ. एक ऑस्ट्रेलियातून आलेला धिप्पाड क्रिस्प. हँडिकॅपरने त्याला १२ स्टोन वजन दिलं, म्हणजे सुमारे ७६ किलो. दुसरा रेड रम, वजन १० स्टोन ५ पाउंड, साधारण ६६ किलो. रेड रमला पायाच्या हाडाचा आजार होता. त्याचा ट्रेनर जिंजर मकेन जुन्या गाड्या विकायचा आणि घोड्याला साउथपोर्टच्या समुद्रकिनाऱ्यावर पळवायचा. त्या वाळूने आणि खाऱ्या पाण्याने पाय सुधारला.

क्रिस्पने त्या दिवशी जे केलं ते लोक अजून विसरले नाहीत. तो एकटाच पुढे, बाकीचे कुठच्या कुठे. शेवटचा अडथळा ओलांडला तेव्हाही चांगलाच पुढे होता. पण त्यानंतर साडेचारशे मीटरची सरळ धाव उरते. तिथे ते दहा किलो बोलायला लागले. क्रिस्प भेलकांडू लागला, रेड रम जवळ येत गेला, आणि अगदी रेषेजवळ पाऊण घोडालांबीने पुढे निघाला. वेळ ९ मिनिटं १.९ सेकंद, आधीच्या विक्रमापेक्षा जवळपास १९ सेकंद कमी.

आता हा निकाल जाणकारांच्या नजरेने वाचा. दोन फेव्हरिट पहिले दोन आले. तिसरा आलेला लेस्कार्गो हाही नामांकित घोडा होता. वजनाचा फरक निर्णायक ठरला. म्हणजे अभ्यास अचूक होता! रेड रम पुढे १९७४ आणि १९७७ मध्येही जिंकला, आणि मधली दोन वर्षं दुसरा आला. हे नशिबाने होत नाही.

म्हणून दावेदारांची यादी करणारा माणूस खरं तर काय करतो? तो काट मारतो. अंतर झेपणार नाही, उडी कच्ची आहे, चिखलात पाय चालत नाही, वजन फार झालंय, अशी नावं काढतो. उरतात आठ-दहा. त्यातून एक निवडणं हा मात्र अंदाजच.

काट मारण्याचे नियमही फसतात बरं का. सात वर्षांचे घोडे इथे जिंकत नाहीत, असं वर्षानुवर्षं म्हटलं जायचं, कारण १९४० नंतर एकही जिंकला नव्हता. २०२२ मध्ये सात वर्षांच्या नोबल येट्सने एकास पन्नासच्या भावाने शर्यत मारली. आणि २०१२ ते २०१६ या पाच विजेत्यांचे भाव बघा: ३३, ६६, २५, २५, ३३. एकही फेव्हरिट नाही. मग २०१९, २०२३ आणि २०२४ मध्ये फेव्हरिट जिंकले, आणि २०२५ मध्ये पुन्हा तेहेतीसचा भाव!

यादीत न येणारी गोष्ट

२०१२ मध्ये सिंक्रोनाइज्ड हा मोठा दावेदार होता. महिनाभर आधीच चेल्टनहॅमचा गोल्ड कप जिंकून आलेला. तो बीचर्स ब्रुकला पडला, उठला, जॉकीशिवाय पळत राहिला आणि पुढे पाय मोडला. त्याला मारावं लागलं. त्याच शर्यतीत अकॉर्डिंग टू पीट हा घोडाही गेला. पुढच्या वर्षापासून अडथळ्यांच्या आतले लाकडी खांब जाऊन लवचिक प्लास्टिक आलं. २०२४ पासून घोडे ४० वरून ३४ केले आणि पहिला अडथळा सुरुवातीच्या रेषेजवळ आणला, म्हणजे तिथे पोहोचेपर्यंत वेग फार वाढू नये. हे पुरेसं आहे का, यावर वाद चालूच आहे. 'कोण जिंकणार' या प्रश्नाला भाव असतो. 'कोण परत येणार नाही' याला पेपरात रकाना नसतो.

आणि आपल्याकडे? महालक्ष्मीला आणि पुण्याला शर्यती सपाट मैदानावर होतात. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे, निव्वळ नशिबाचा नाही. १९७३ ची शर्यत त्याला साक्ष देईल. पण कौशल्य घोड्याचं, जॉकीचं, ट्रेनरचं. मोबाइलवर अंगठा दाबणाऱ्याचं किती, हे वरच्या सहा घोड्यांच्या गणिताने ठरवा.

पुढच्या वेळी कुणी 'पक्की टिप' पाठवली, शर्यतीची असो, शेअरची असो, की मॅचची, तर एवढंच विचारा: भाव काय आहे, आणि त्यात तुझा वाटा किती? उत्तर द्यायला तो किती वेळ घेतो, तीच खरी टिप.

चला, भेटू पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा!