भांडखोर कोण: मासा की काच?

आज एका विशेषणाचा इतिहास पाहू. आफ्रिकेतल्या मालावी सरोवरातले म्बुना नावाचे सिक्लिड मासे घरी पाळणारा प्रत्येक जण त्यांना ‘भांडखोर’ म्हणतो. हे विशेषण आलं कुठून?

म्बुना हा शब्द तिथल्या टोंगा भाषेतला. अर्थ साधा, खडकातला मासा. म्हणजे स्थानिकांनी नाव दिलं ते जागेवरून, स्वभावावरून नव्हे. जेफ्री फ्रायर यांनी न्काटा बे इथल्या खडकाळ किनाऱ्याचा केलेला अभ्यास १९५९ मध्ये प्रसिद्ध झाला. एकाच खडकावर अनेक जाती दाटीने राहतात, शेवाळ खरवडून खातात. नर आपली कपार राखतो, घुसखोराला हुसकावतो. हरलेला पुढच्या खडकाआड पळतो. भांडण तिथेच संपलं!

पुढच्या दशकात हे निळे-पिवळे मासे युरोप-अमेरिकेतल्या काचेच्या टाक्यांत पोचले. त्याच सुमारास, १९६३ मध्ये, कोनराड लोरेन्झ यांचा आक्रमकतेवरचा ग्रंथ आला. सिक्लिडांची जोडी शेजाऱ्यांपासून तोडली की नर मादीवरच उलटतो, असं त्यांनी सांगितलं. त्यांच्या मते आक्रमकता आत साचत जाते. पण बघा, तेव्हा मादीला पळायला जागा होती का?

माझ्याकडे तीन फुटी टाकी होती. एक नर सगळ्यांना फाडून खायचा, म्हणून त्याला काढला. आठ दिवसांत दुसरा तसाच झाला. एक मादी हीटरमागे अंग चोरून राहिली आणि तिथेच मेली. मी म्हणत होतो, “मासाच वाईट.” वाईट होती ती माझी मोजणी.

मग मोठी टाकी घेतली, तळापासून वरपर्यंत दगड रचले, एका नरामागे तीन-चार माद्या ठेवल्या. जाणकार मुद्दाम गर्दीही करतात, फिल्टर दांडगा लावून. गर्दीत एकाच माशावर रोख राहत नाही. पण हे नीट समजून घ्या. त्याने मार वाटला जातो, थांबत नाही.

तत्त्वज्ञानात आपण गुण वस्तूत शोधतो. कधी कधी तो वस्तू आणि जागा यांच्या नात्यात असतो. पळण्याची वाट आपण बंद करायची आणि भांडखोर मात्र त्याला म्हणायचं, हा न्याय नव्हे. माशाच्या बाबतीत नाही, आणि माणसाच्याही नाही.