मोडलारॉयट : ओढ्याने दुभागलेले गाव

जर्मनीतील बव्हेरिया व थुरिंगिया या राज्यांच्या सीमेवर मोडलारॉयट हे जेमतेम पन्नासेक वस्तीचे खेडे आहे. टानबाख नावाचा अरुंद ओढा गावाच्या मधोमध वाहतो. १८१० मध्ये या ओढ्यालगत सीमेचे दगड रोवण्यात आले आणि एक काठ बव्हेरियाच्या राज्यात, तर दुसरा रॉयस संस्थानात गेला. तरीही गावाचे जीवन एकच राहिले. दोन्ही काठांवरील मुले थुरिंगियाच्या बाजूच्या शाळेत जात. प्रार्थनेसाठी सारे गाव बव्हेरियातील ट्योपेनच्या चर्चमध्ये जमे.

दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र पालटले. १९४९ मध्ये दोन जर्मन राष्ट्रे अस्तित्वात आली आणि हा ओढाच त्यांची सीमा ठरला. पूर्व जर्मनीने १९५२ मध्ये येथे लाकडी कुंपण घातले व १९६६ मध्ये सुमारे ७०० मीटर लांबीची काँक्रीटची भिंत उभारली. पलीकडच्या आप्तांना हात हलवून खुणावण्यासही पूर्वेकडील रहिवाशांना मनाई होती. अमेरिकी सैनिक या गावाला 'छोटे बर्लिन' म्हणत.

बर्लिनची भिंत ९ नोव्हेंबर १९८९ रोजी खुली झाली. मोडलारॉयटमधील वाट मात्र ९ डिसेंबरला मोकळी झाली. १७ जून १९९० रोजी येथील भिंत पाडण्यास प्रारंभ झाला. तिचा काही भाग संग्रहालयाने जतन केला आहे. राज्यांची सीमा कायम असल्याने गावाचे पिनकोड आजही दोन आहेत. ओढा ओलांडण्यास मात्र परवानगी लागत नाही.