सुरतेच्या हरवलेल्या बागा

सुरतेचे नाव निघाले की मराठी वाचकास लूट आठवते, बागा आठवत नाहीत. वास्तविक त्या लुटीच्या वृत्तांतातच एक बाग आहे. ६ जानेवारी १६६४ रोजी शिवाजी महाराज सुरतेस पोहोचले, तेव्हा त्यांचा डेरा पडला तो बुऱ्हाणपूर दरवाजाबाहेरील एका बागेत. शहराचा अधिकारी इनायतखान किल्ल्यात दडून बसलेला. सुरतेचे भवितव्य पुढील काही दिवस त्या बागेतून ठरत होते.

मग बागांचा नाश लुटीने झाला काय? तसे म्हणता येत नाही. दोनच वर्षांनी, १६६६ मध्ये, थेवनो हा फ्रेंच प्रवासी सुरतेस आला आणि ‘शाहजादीची बाग’ पाहून गेला. शाहजादी म्हणजे औरंगजेबाची बहीण जहाँआरा बेगम. सुरतेचे उत्पन्न शहाजहानने तिला तोडून दिले होते. थेवनोच्या वर्णनात वृक्षांच्या सरळ रांगा आहेत. मध्यभागी चारी दिशांना तोंडे असलेली इमारत, प्रत्येक बाजूस दिवाणखाना, त्यासमोर चौकोनी हौद, आणि त्या हौदांतून निघून मुख्य वाटांनी वाहणारे पाट आहेत. लुटीची आठवण ताजी असताना ही बाग नांदती होती!

बागांवर खरे संकट आले ते संरक्षणाच्या रूपाने. लुटीनंतर औरंगजेबाच्या हुकुमाने शहराभोवती विटांचा कोट उभा राहू लागला. अठराव्या शतकाच्या आरंभी त्याबाहेर दुसरा कोट बांधला गेला. दोन्ही कोटांमधील मोकळी जमीन आता सुरक्षित झाली; आणि सुरक्षित जमिनीवर झाडे फार दिवस राहत नाहीत. तेथे पुरे वसले, कारागीर आले, माग आले. बेगमपुरा, सलाबतपुरा ही नावे आज जर आणि कापडाच्या धंद्याशी जोडलेली आहेत.

मलिक गोपीच्या तलावाचे नशीब थोडे बरे. सोळाव्या शतकाच्या आरंभीचा हा तलाव १६२३ मध्ये सुरतेस आलेल्या पिएत्रो देल्ला व्हाल्ले या इटालियन प्रवाशाने कौतुकाने वर्णिला. पुढे तो कोरडा पडला, दुर्लक्षित झाला. महानगरपालिकेने त्याचा जीर्णोद्धार करून २०१५ मध्ये तो लोकांस खुला केला. किल्ल्याजवळच्या व्हिक्टोरिया गार्डनला गांधीबाग हे नाव मिळाले. पण ती इंग्रजी अमदानीतील बाग. मोगली बागांची ती वारस नव्हे.

त्या बागांची खूण राहिली आहे ती मुख्यतः शब्दांत. कोकणात नारळ-सुपारीच्या बागेस वाडी म्हणतात, गुजरातीतही वाडी म्हणजे बागच. सुरतेत बेगमवाडी अजून आहे. तेथे कापडाची मार्केटे आहेत, आणि सावली आहे ती इमारतींची.